मदत हवी आहे: जीए४मध्ये (गूगल ॲनालिटिक्स ४) आयपी टाकूनही आमच्याच भेटी मोजल्या जाताहेत

निवांतक्षण
शुक्रवारी अहवाल द्यायचाय, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आम्ही चौघं संस्थेच्या साइटवर दिवसभर लेख चढवतो, तपासतो, तीच पानं पन्नासदा उघडतो. ते सगळं वाचक म्हणून मोजलं जातंय. पाच आठवड्यांपूर्वी चौघांचे आयपी (इंटरनेट जोडणीचे पत्ते) टाकून फिल्टर लावला, आकडा तसूभर हलला नाही. काय चुकतंय? आणि या पाच आठवड्यांतून आम्हाला वजा कसं करू? फुगलेला आकडा मला कुणापुढे ठेवायचा नाही.

ताम्हण
फिल्टर लावला म्हणजे नेमकं कुठे काय केलंत? आयपी डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंग्जमध्ये (टॅग म्हणजे पानावरचा मोजणीचा कोड) टाकतात, आणि फिल्टर ॲडमिनमधल्या 'डेटा फिल्टर्स'मध्ये असतो. दोन वेगळ्या जागा आहेत. दुसरीकडे गेला होतात का?

रानपाखरू
जीए४ सोडा, माटोमो घ्या, तेही भेटी मोजतं. पूर्वी त्याला पिविक म्हणायचे. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं की विदा (डेटा) आपल्याच ताब्यात. आयपी वगळायचे तर सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, त्यात लिहायचे, झालं. मी सहा वर्षं वापरतोय.

निवांतक्षण
रानपाखरू, शुक्रवारच्या आत साइट दुसरीकडे नेणं शक्य नाही हो.
ताम्हण, 'डिफाइन इंटर्नल ट्रॅफिक'मध्ये चार नियम केले. एवढंच करायचं असतं ना?

गवतफूल
बाउन्स रेट जास्त दिसतोय म्हणून घाबरू नका. जीए४मध्ये व्याख्याच बदलली आहे. १० सेकंदांहून जास्त थांबलेली, दोन पानं पाहिलेली किंवा की-इव्हेंट (आपण महत्त्वाची ठरवलेली कृती) झालेली भेट 'एंगेज्ड' धरतात, उरलेल्या बाउन्स.

निवांतक्षण
बाउन्स रेटबद्दल मी विचारलंच नाहीये.

मिठ्ठू
सोपं आहे. 'अनवाँटेड रेफरल्स'च्या यादीत तुमचं डोमेन टाका, भेटी गायब होतील. मी असंच केलंय.

ताम्हण
मिठ्ठू, नाही. त्या यादीने एकही भेट कमी होत नाही. भेट कुठून आली याचं श्रेय फक्त बदलतं. तुमचे आकडे कमी झाले असतील तर रेफरलच्या ओळीतले झाले असतील, एकूण बेरीज तीच राहिली असणार. तपासून बघा.

निवांतक्षण, नियमाचं काम फक्त शिक्का मारण्याचं. त्या आयपीवरून आलेल्या इव्हेंटवर (नोंदलेल्या प्रत्येक कृतीवर) ट्रॅफिक-टाइपचा 'इंटर्नल' शिक्का बसतो. शिक्का बसलेलं बाहेर काढतो तो फिल्टर, आणि तो सुरुवातीला 'टेस्टिंग'मध्ये असतो. त्याची स्थिती बघून सांगा. काही बदलू नका, फक्त बघा.

निवांतक्षण
'टेस्टिंग'च आहे! लगेच 'ॲक्टिव्ह' करते.

ताम्हण
थांबा! ॲक्टिव्ह फिल्टरने वगळलेलं परत मिळत नाही, आणि तो आधी जमलेल्या विदाला लागूही होत नाही. चुकून खरे वाचक गाळले गेले तर ते कायमचे गेले. युनिव्हर्सलमध्ये (जीए४च्या आधीची आवृत्ती) एक 'व्ह्यू' (अहवालांचा वेगळा संच) फिल्टरशिवाय जपून ठेवता यायचा. २०२३च्या जुलैपासून ते बंद झालं आणि साध्या जीए४मध्ये व्ह्यू नाहीत.

टेस्टिंगमध्ये राहिला हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. या पाच आठवड्यांत शिक्का बसलेल्या इव्हेंटवर 'टेस्ट डेटा फिल्टर नेम' या डायमेन्शनमध्ये (रकान्यात) फिल्टरचं नाव असेल. एक्सप्लोरेशनमध्ये (स्वतः अहवाल रचायची जागा) ते नाव वगळणारा सेगमेंट (निवडक गट) करा, तुमच्या भेटी वजा झालेल्या दिसतील.

कोरापाट
+१. एक भर: एक्सप्लोरेशनला विदा जपण्याची मुदत लागू होते. मुळात ती २ महिने असते, साध्या खात्यात १४ पर्यंत वाढवता येते. पाच आठवडे बसतील, पण मुदत आजच वाढवा. पुसलेलं नंतर वाढवून परत येत नाही.

निवांतक्षण
सेगमेंट केला. रोजच्या १४० भेटींच्या जागी ११० दिसताहेत. पण हेही जास्त आहेत. दोघांच्या भेटी अजून दिसताहेत, त्यांनी आज उघडलेली पानं मी ओळखते.

ताम्हण
ते दोघं कुठून काम करतात?

निवांतक्षण
घरून. एक जण फोनच्या हॉटस्पॉटवर. हे सांगायला हवं होतं का?

कोरापाट
तेच तर मूळ आहे. हॉटस्पॉटचा आयपी बदलत राहतो, शिवाय तोच पत्ता असंख्य अनोळखी लोक वापरत असतात. तो गाळलात तर खरे वाचक जातील. दुसऱ्याकडे बहुधा आयपीव्ही६ (आयपीचा नवा, लांब प्रकार) असेल आणि तुम्ही आयपीव्ही४ टाकला असेल. आयपीव्ही६चा मागचा अर्धा भाग बदलतो, म्हणून पूर्ण पत्ता न लिहिता '/६४'ची रेंज (पुढचा अर्धा भाग सारखा असलेले सगळे पत्ते) द्या.

ताम्हण
घरची रेंजही बदलू शकते. माझ्या मते आयपीच्या मागे लागूच नये. लेखनाच्या पानावर लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये कुकी (लहानशी खूण) ठेवा, आणि ती दिसली की टॅगमधून ट्रॅफिक-टाइप 'इंटर्नल' पाठवा. माणूस कुठेही बसो, शिक्का बसतो.

कोरापाट
कुकी पुसली की संपलं. फोनवरून लॉगिन न करता पान उघडलं तरी संपलं. आयपी निदान कुणाच्या सवयीवर अवलंबून नाही.

ताम्हण
चार माणसांना दोन्ही ब्राउझरांत एकदा लॉगिन करा म्हणणं अवघड नाही. मी बारा जणांच्या चमूत हेच चालवलंय.

रानपाखरू
माटोमोमध्ये ब्राउझरनुसार वगळायचीही सोय आहे, एवढंच सांगतो.

निवांतक्षण
दोन्ही करते. '/६४' आज टाकली, कुकीचं काम पुढच्या आठवड्यात. मागचे पाच आठवडे त्या दोघांचे काढता येतील का?

ताम्हण
नाही. जीए४ आयपी साठवतच नाही, त्यामुळे शिक्का न बसलेल्या भेटी मागाहून ओळखता येत नाहीत. अहवालात ११० द्या आणि दोन सहकाऱ्यांच्या भेटी यात आहेत असं आकड्याच्या शेजारीच लिहा, तळटीपेत नको. फिल्टर आणखी आठवडाभर टेस्टिंगमध्ये ठेवा. ॲक्टिव्ह केल्यावर परिणामाला २४ ते ३६ तास लागू शकतात.

निवांतक्षण
तसंच लिहिलं. मनापासून आभार, ताम्हण आणि कोरापाट.

मिठ्ठू
तपासलं. माझी एकूण बेरीज खरंच तीच आहे. मग डेव्हलपरच्या चाचणीच्या भेटींचं काय करायचं?

ताम्हण
त्याला 'डेव्हलपर ट्रॅफिक'चा वेगळा फिल्टर आहे. नवा धागा काढा, आणि सध्या कुठे काय लावलंय ते पहिल्याच प्रतिसादात लिहा.