हलक्या गेमिंग माऊसची बांधणी दुकानातच कशी पारखावी?

नमस्कार मंडळी,

व्हॅलोरंट हा नेमबाजीचा संगणकीय खेळ खेळण्यासाठी हलका माऊस घ्यायचा आहे आणि निवड ग्लोरियसचा मॉडेल ओ व रेझरचा व्हायपर मिनी या दोन वायरवाल्या माऊसवर येऊन थांबली आहे. दोन्हींचे सेन्सर (माऊसची हालचाल टिपणारे भाग) माझ्या खेळाला पुरून उरतील, त्यामुळे त्याविषयी शंका नाही. शंका आहे ती कवचाविषयी.

मॉडेल ओच्या कवचाला षटकोनी छिद्रे आहेत, तरी त्याचे वजन ६७ ग्रॅम भरते. व्हायपर मिनीचे कवच अखंड असून वजन ६१ ग्रॅम. मिनी आकाराने बराच लहान असल्यामुळे ही तुलना सरळ नाही हे मान्य, पण २०२० साली आलेला लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट छिद्रांशिवाय आणि आत बॅटरी असूनही ६३ ग्रॅमच्या आत राहिला, तेव्हा वजन कमी करायला छिद्रेच हवीत असे काही दिसत नाही. शिवाय मी रत्नागिरीत राहतो. इथल्या दमट हवेत घाम आणि धूळ त्या छिद्रांतून आत जाणार, ही धास्ती वेगळीच.

माझ्या आधीच्या हलक्या माऊसमध्ये (कंपनीचे नाव घेत नाही) डावी बाजू अंगठ्याने जराशी आवळली की कवच आत दबून बाजूचे बटण आपोआप दाबले जाई. जोरात आवळल्यावर येणारी करकर मला चालते, कारण खेळताना इतका जोर कोणी लावत नाही. पण नेहमीच्या पकडीत बटण असे दाबले जात असेल तर तो दोषच मानायला हवा. तळाची पट्टी हाताच्या भाराने वाकली, तर सेन्सरची मॅटपासूनची उंची बदलून नेमकेपणा बिघडतो का, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरी अडचण स्विचची. मिनीतले ऑप्टिकल स्विच प्रकाशाच्या झोताने क्लिक नोंदवतात, त्यामुळे धातूचे संपर्क झिजून होणाऱ्या डबल क्लिकचा (एकदा दाबले तरी दोनदा नोंद होण्याचा) त्रास तिथे टळतो. मॉडेल ओमध्ये यांत्रिक स्विच आहेत. या हिशेबाने मिनी सरस वाटतो, परंतु माझ्या हाताची लांबी साडेअठरा सेंटीमीटर आहे, तळवा रुंद आहे आणि पकड क्लॉ पद्धतीची, म्हणजे बोटे पंजासारखी वाकवून धरण्याची. इतक्या अरुंद माऊसवर अनामिका व करंगळी मॅटवर घासत राहतील का?

ज्यांनी यांपैकी एखादा माऊस वर्षभर तरी वापरला आहे, त्यांनी बटणांचे आडवे किंचित हलणे आणि चाकाचा ढिलेपणा कालांतराने वाढला का, हेही कृपया लिहावे. दुकानदार खोका उघडून पाच मिनिटे हाताळू देणार आहे. तेवढ्या वेळात कुठे दाबून, कुठे हलवून पाहू?