मदत हवी आहे: उमेदवार नाकारण्याचं कारण बदलून लिहायला सांगतायत

नमस्कार मंडळी. मी एचआरमध्ये भरतीचं काम बघते. गेल्या आठवड्यात एका जागेसाठी मुलाखती झाल्या. तिन्ही मुलाखतकारांच्या गुणांची बेरीज केली तर एक मुलगी सरळसरळ पहिली येते. पण विभागप्रमुखांनी तिच्या फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, 'नुकतंच लग्न झालंय, लवकरच रजेवर जाईल.' आता ते म्हणतात, ती ओळ खोडून टाका आणि 'टीममध्ये रुळणार नाही' असं लिहा.

मला हे अजिबात पटत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात नोकरीत प्रवेश मिळतानाचा भेदभावही धरलाय, फक्त नोकरी लागल्यानंतरचा नाही. त्यात कामाच्या अंगभूत गरजेपुरती सूट आहे, पण लग्नाचा या कामाशी काय संबंध? आणि नोंद बदलली तर भेदभावावर खोटेपणाही चढतो, तोही माझ्या सहीनं.

फॉर्म अजून माझ्याच फाइलमध्ये आहे, खोडलेला नाही. दुसऱ्या उमेदवाराचं ऑफर लेटर सोमवारी निघणार आहे, म्हणून घाई.

कुणी असा प्रसंग हाताळलाय का? आक्षेप आधी विभागप्रमुखांनाच ईमेलवर कळवावा, की सरळ कंप्लायन्सकडे (कंपनीत नियमपालन बघणाऱ्या विभागाकडे) जावं? मूळ फॉर्म कुणाच्या ताब्यात द्यावा? आणि त्या मुलीनं फोन करून कारण विचारलं तर मी काय सांगू? तिच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही.