मदत हवी आहे : आजीला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून लश्कर भाग दाखवायचाय

नमस्कार मंडळी. आजी ८१ वर्षांची आहे. लग्न होऊन ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागात आली त्याला साठ वर्षं झाली, पण किल्ल्यावर उभं राहून खालचं शहर तिने एकदाही पाहिलेलं नाही. या थंडीत तिला न्यायचंच असं मी ठरवलंय.

पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाज्याचा चढ पायी चढावा लागतो, तो तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. म्हणून उरवाई दरवाज्याने गाडी वर नेऊ. वाटेत कातळात कोरलेल्या जैन मूर्तीही तिला दिसतील. अडतंय ते पुढे. सासबहूचं १०९३ सालचं देऊळ अगदी कड्यालगत आहे, पण गाडीपासून तिथवर किती चालावं लागतं? पायऱ्या उंच आहेत का? की मानमंदिर राजवाड्याकडची बाजू सोयीची?

तिला जयविलास राजवाडा, फूलबाग आणि जमलं तर महाराज बाडा चौकही ओळखता यायला हवा. हे सगळं नेमकं कुठून दिसतं? सकाळी धुकं असतं, म्हणून दुपारी तीननंतर निघायचा विचार आहे. वयस्कर माणसांना घेऊन जे गेले असतील, त्यांनी कृपया सांगा. चाकांची खुर्ची सोबत नेऊ का?