चाई किती वाढली हे रक्तावरून कळतं का?

पोरगी 11 वर्षांची, डोक्यात चाईचे (केस गळून) दोन चट्टे पडलेत, जुळे सोलापुरात राहतो आम्ही, लॅबवाला म्हणतो दर महिन्याला रक्ततपासणीचं पॅकेज करा, करू का?

— ताई, दर महिन्याला नका टोचू लेकराला. चाई वाढली की घटली हे सांगणारी खात्रीची रक्ततपासणी अजून नाहीये, सीएक्ससीएल10 (रक्तातलं एक प्रथिन) वगैरेवर संशोधन चालूय पण ते रोजच्या वापरात नाही. थायरॉइड मात्र एकदा डॉक्टरांना विचारून बघा, चाईसोबत तो बिघडलेला सापडतो कधीकधी.

— माझ्या भावालाही चाई आहे, त्याचे डॉक्टर फोटो काढून सॉल्ट स्कोअर, म्हणजे डोक्यावरचे किती केस गेले त्याचा आकडा, मांडतात, 0 म्हणजे केस पूर्ण, 100 म्हणजे सगळे गेलेले. बॅरिसिटिनिब हे चाईचं औषध चालूय म्हणून त्याचं रक्त तपासतात, तेही औषधाचा त्रास होत नाही ना बघायला.

— आणि चाई संसर्गानं पसरत नाही, शाळेत बाईंना सांगून ठेवा हं.