मदत हवी आहे: मुंबई–न्यूयॉर्क विमानाचे खरे तास किती? आईच्या इन्सुलिनसाठी विचारतोय

आम्ही लातूरचे. बहिणीचं बाळंतपण आहे, म्हणून आई (वय ६४) डिसेंबरात एकटीच न्यूयॉर्कला चाललीय. पहिलाच विमानप्रवास. तिला सकाळी आठ आणि रात्री आठ, असं दोनदा इन्सुलिन लागतं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "प्रवास किती तासांचा?" आणि मला नीट सांगता आलं नाही.

तिकिटावर मुंबईहून सोमवारी पहाटे २:१५ला निघून न्यूयॉर्कला सोमवारीच सकाळी ७:४५ला पोचणं लिहिलंय. साडेपाच तासांत तर एसटी लातूरहून पुण्यालाही पोचत नाही. अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० धरलं तर १४ तास. एजंट १६ म्हणतो. एप्रिलमधलं परतीचं तिकीट तर सकाळी ११:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११! सगळे वेगवेगळं सांगायलेत. धरू काय?

नांदेडकर:
दादा, एजंटचं बरोबर आहे. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. डिसेंबरात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. साडेपाच अधिक साडेदहा, झाले १६. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून परतीला साडेनऊच वजा करा: १४ तास. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना तो समोरून, येताना पाठीशी. शिवाय १२,५०० हे सरळ अंतर; विमान वळसे घेतं.

आईंच्या हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. रविवारी रात्री आठचं इंजेक्शन मुंबईत होईल. सोमवारी सकाळी आठचं विमानात, उड्डाणानंतर पावणेसहा तासांनी. उतरतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा असतील. रात्री आठचं तिकडच्या सकाळी साडेनऊला येतं, तेव्हा त्या कदाचित इमिग्रेशनच्या रांगेत असतील. हे डॉक्टरांना दाखवा, डोस तेच ठरवतील.

आणि सोमवारी पहाटेचं विमान म्हणजे रविवारी रात्रीच विमानतळावर. यात बरेच जण चुकतात.

परभणीची लेक:
इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. खालच्या सामानात गोठलं की वाया जातं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत. साखर उतरली तर म्हणून खडीसाखर नको, ग्लुकोजच्या गोळ्या द्या, लवकर लागू पडतात. माझ्या सासूबाईंना रांगेतच घाम फुटला होता, गोळ्या पर्समध्ये होत्या म्हणून निभावलं.

मूळ धागाकर्ता:
ताई, दादा, फार मोठं काम केलंत. चार दिवस झोप नव्हती. उद्याच डॉक्टरांकडे जातो. एकच विचारायचं राहिलं: व्हीलचेअर विमानतळावर गेल्यावर मागितली तर मिळते का?

नांदेडकर:
तिथं गेल्यावर मागाल तर ताटकळावं लागेल. आजच विमान कंपनीला फोन करून तिकिटावर नोंद करून घ्या, न्यूयॉर्कला उतरल्यावरचीसुद्धा. मधुमेहींचं जेवणही त्याच फोनवर सांगा.