नाशिकमध्ये गंजनियंत्रणाचा व्यवसाय-अभ्यासक्रम : सोबतचा विपणनाचा विषय कितपत उपयोगी?

सातपूरकर :
माझ्या धाकट्या भावाची बारावी झाली असून त्याला गंजनियंत्रणाच्या व्यवसाय-अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे. त्यात पृष्ठभागाची तयारी, प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि रंगकाम यांच्या जोडीला ‘प्राथमिक विपणन’ हाही विषय आहे. वडिलांचे म्हणणे असे, की नाशिकची हवा मुंबईसारखी खारी नाही, त्यामुळे या शिक्षणाला इथे कोण विचारणार. आणि मालच विकायचा असेल तर सरळ बी.कॉम. करावे. कारखान्यांत काम करणाऱ्यांनी कृपया मत द्यावे.

अंबडचा पेंटशॉपवाला :
वडिलांचे म्हणणे हवेपुरते बरोबर आहे, परंतु नाशिकमध्ये तयार होणारा माल नाशिकमध्येच राहत नाही. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथून निघणारे सुटे भाग आणि विजेची पॅनेल कोकणात बसवली जातात, किंवा न्हावाशेवा बंदरातून कंटेनरमधून परदेशी जातात, आणि इथे वर्षानुवर्षे टिकलेला ब्रॅकेट समुद्रकाठच्या हवेतल्या क्लोराइडने, म्हणजे मिठाच्या अंशाने, लवकर गंजतो. म्हणूनच लोखंडाला रंगाने गंजापासून वाचवण्याच्या आयएसओ १२९४४ या आंतरराष्ट्रीय मानकात वातावरण किती गंजवते यानुसार त्याचे सी१ (सर्वांत सौम्य) ते सी५ आणि त्यापुढे सीएक्स असे वर्ग केलेले आहेत. शिवाय आपल्याकडचा पावसाळा विसरू नये. रंग लावताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पत्र्यावर जमते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे लागते; जुलैच्या सकाळी थंड पत्र्याकडे पाहून हे समजत नाही, मोजावेच लागते. रंग सुटून आल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ रंगात नसून त्याखालच्या तयारीत असते, म्हणजे तेलाचा अंश राहिलेला असतो, फॉस्फेटिंगनंतरची (रंग धरावा म्हणून पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवल्यानंतरची) धुलाई अपुरी झालेली असते किंवा ब्लास्टिंग केलेला (कणांच्या माऱ्याने गंज काढलेला) भाग रात्रभर उघडा पडलेला असतो. हे ओळखणारा मुलगा मिळाला तर आम्हाला हवाच असतो.

सिन्नरचा जॉबवर्कवाला :
मी विपणनाच्या बाजूने लिहितो, कारण आमच्या धंद्यात कामाची मागणी आणणारा आणि काम करणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. पार्टी प्रथम चौरस फुटाचा दर विचारते. नवखा मुलगा दर सांगून मोकळा होतो. शिकलेल्याने आधी विचारावे, की भाग उघड्यावर राहणार की छपराखाली, पाणी साचण्याजोगा कोपरा आहे का, आणि लोखंडाला तांबे किंवा स्टेनलेस स्टील टेकते का, कारण तसे टेकून मध्ये ओल राहिली तर लोखंडच आधी झिजते. या उत्तरांवरून साधे पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड लावून भट्टीत भाजणे) पुरेल की वितळलेल्या जस्तात बुडवून केलेले गॅल्व्हनायझिंग सुचवावे हे ठरते आणि मगच कोटेशनला अर्थ येतो. हे बी.कॉम.मध्ये शिकवत नाहीत. आणखी एक : मिठाच्या फवाऱ्याची चाचणी ५ टक्के मिठाच्या द्रावणाने ३५ अंश सेल्सिअसला होते आणि लेप तीत किती तास टिकला ते दाखवून ‘इतकी वर्षे टिकेल’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. त्या तासांचे वर्षांत रूपांतर करता येत नाही. ती चाचणी एका लेपाची दुसऱ्याशी तुलना करण्यापुरतीच असते. असे आश्वासन लेखी दिले की पुढच्या पावसाळ्यात पार्टी तोच कागद पुढे करते.

सातपूरकर :
दोघांचेही आभार. मात्र विपणनाच्या नावाखाली फक्त जाहिरातीचे धडे असतील तर काय करावे? प्रवेशाआधी महाविद्यालयात काय पाहावे?

अंबडचा पेंटशॉपवाला :
कार्यशाळा उघडून दाखवा म्हणावे. फॉस्फेटिंगच्या टाक्या कोरड्या असतील आणि लेपाची जाडी मोजणारा मीटर कपाटात कुलूपबंद असेल तर पुढचे विचारायची गरज नाही. पावडर कोटिंगची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) ठेवतात. ती मुलांनी स्वतः मोजून नोंदवलेली वही मागून पाहावी. विपणनाच्या शिक्षकांना एवढेच विचारावे, की मुलांकडून कोटेशन लिहून घेता का आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांत खरेदी विभागाला भेटायला पाठवता का. दोन्हीला ‘नाही’ असे उत्तर आले तर त्या विषयापासून फार अपेक्षा ठेवू नये, पण टाक्या चालू असतील तर तेवढ्यासाठी प्रवेश सोडूही नये; कोटेशन लिहिणे आम्ही इथे शिकवू.