दिवसभर कॉम्प्युटर, दुपारनंतर डोळे चुरचुरतात. चष्मा घेऊ का लाईट बदलू?

अमळनेर_सेवाकेंद्र: राम राम मंडळी. माझं अमळनेरला छोटं ई-सेवा केंद्र आहे, दाखले, सातबारा, पीकविम्याचे अर्ज असं सगळं, सकाळपासून रात्रीपर्यंत स्क्रीनसमोरच. दुकान पश्चिममुखी आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे मॉनिटरच्या बरोब्बर मागे उघडं शटर. दुपार कलली की समोरून एवढं ऊन येतं की अक्षरं फिकी दिसतात, मग ब्राइटनेस फुल करतो, आणि संध्याकाळी तोच ब्राइटनेस डोळ्यात घुसतो. रात्री डोक्यामागची जुनी चोकवाली ट्यूब स्क्रीनमध्ये उभी दिसते. कपाळ ठणकतं, आधारचे 12 आकडे दोन-दोनदा ताडून बघावे लागतात अन् बाहेर माणसं कामधंदा सोडून उभी असतात त्याचं फार वाईट वाटतं. जो तो म्हणतो निळ्या काचेचा कॉम्प्युटर चष्मा घे. घेऊ का?

भुसावळ_वायरिंग: भाऊ, आधी ती ट्यूब काढा. आपली वीज 50 हर्ट्झची, जुन्या चोकवर ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते, ते डोळ्याला दिसत नाही पण काहींचं डोकं त्यानंच धरतं. 1989 मध्ये इंग्लंडात विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ऑफिसात हे तपासलं होतं, साध्या चोकच्या जागी हाय फ्रिक्वेन्सीवर चालणारे दिवे लावले तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून खाली आला. फक्त एलईडी पट्टी घेताना अगदीच स्वस्तातली उचलू नका, त्यातल्या काही चोकपेक्षा जास्त लुकलुकतात. दुकानातच लावून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तिथंच परत द्या.

चष्मा_जळगाव: मी चष्म्याच्याच धंद्यात आहे तरी सांगतो, त्या निळ्या काचेवर, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड गाळणाऱ्या काचेवर, पैसे घालू नका. 2023 मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला, 17 चाचण्यांचा, त्यात साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं काही दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्याच कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडतात, आणि आपल्या जळगाव-अमळनेरच्या मे महिन्यात वरून कूलरचा झोत तोंडावर असला की विचारूच नका. कूलर पायाकडे वळवा. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघा, तुम्हाला तर समोर रस्ताच आहे. चाळिशी ओलांडली असेल किंवा महिनोन् महिने डोकं दुखत असेल तर मात्र नंबर तपासाच.

धुळे_गाळा: मला विचाराल तर खरं दुखणं बसण्याच्या जागेत आहे. खिडकी किंवा शटर स्क्रीनच्या मागेही नको आणि तुमच्या पाठीमागेही नको, ते बाजूला यायला हवं. टेबल काटकोनात फिरवा, निम्मा त्रास तिथंच जाईल. करून बघा, दुपारी कपाळावर टोपीच्या छज्जासारखा हात धरा, डोळ्यांना लगेच बरं वाटलं तर समजा समोरचा उजेड नडतोय. रात्रीसाठी स्क्रीन बंद करून तिच्यात बघा, जो दिवा दिसेल तो सरकवायचा.

ब्राइटनेसचा आकडा कोणी सांगितला तर ऐकू नका. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा, स्क्रीनवरचं पांढरं आणि कागदाचं पांढरं सारखं दिसेपर्यंत कमीजास्त करा, आणि उजेड बदलला की पुन्हा. अंधारात बसून काम तर अजिबात नको, स्क्रीन एकटीच झगझगीत आणि भोवती काळोख असला की नजर सारखी दोन्हीकडे जुळवून घेत राहते. स्क्रीनच्या कामाला साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं माप) धरतात, मोबाईलच्या अ‍ॅपवर अंदाज येतो.

अमळनेर_सेवाकेंद्र: खूप आभार सगळ्यांचे. ट्यूब उद्याच बदलतो. पण काउंटर ओट्यात बसवलेला आहे, फिरत नाही. दुसरं म्हणजे अण्णा शेजारी बसून झेरॉक्सवरचे नंबर वाचून दाखवतात, पुसट असतात, त्यांना उजेड कमी पडतो अन् मला जास्त होतो, हे कसं जमवायचं?

धुळे_गाळा: काउंटर फिरत नसेल तर शटरला हिरवी नेट दुहेरी करून डोळ्याच्या उंचीपर्यंत सोडा, एकेरी नेट ऊन पडलं की स्वतःच चमकते. वर पत्र्याची झाप दोन-तीन फूट पुढे काढता आली तर अजून बरं. अण्णांचं म्हणणं अगदी खरं आहे, साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून अख्खं दुकान उजळू नका, त्यांच्या बाजूला मानेचा टेबल लॅम्प द्या, झाकण खोल असलेला, तोंड फक्त कागदावर, आणि अण्णा लिहीत असतील तर ज्या हातानं लिहितात त्याच्या उलट्या बाजूनं, म्हणजे सावली पडणार नाही. लॅम्पचा बल्ब तुमच्या खुर्चीवरून दिसत नाही ना तेवढं बसून बघा.